मेंदुविकृती, चिरकारी आघातजन्य
डोक्यावर वर्षानुवर्षे वारंवार आघात झाल्याने उद्‌भवणारा मेंदूचा ऱ्हास. मुष्टियोद्ध्यांतील याच्या लक्षणांचे वर्णन हॅरिसन मार्टलंड यांनी १९२८ मध्ये केले. माइक वेब्स्टर या अमेरिकन फुटबॉलपटूच्या मेंदूतील विकृतीविषयीचा बेनेट ओमालू व सहकाऱ्यांचा निबंध २००५ मध्ये प्रसिद्ध झाला.

अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रतिस्पर्ध्यास धडक देऊन पाडतात. शिरस्त्राणाने कवटीचे रक्षण होते. मेंदूचे आतील हिंदकळणे मात्र थांबत नाही. मुलांचे डोके शरीराच्या मानाने मोठे व मानेचे स्नायू दुर्बल असल्याने हा धोका वाढतो. बेशुद्धी न आणणारे आघातही अपायकारक ठरतात. विकृतीत टाऊ हे प्रथिन मेंदूच्या खाचांच्या तळाशी, सूक्ष्म रक्तवाहिन्यांभोवती साचते. निश्चित निदान मरणोत्तर तपासणीनेच होते.

बॉस्टन विद्यापीठातील संशोधकांना तिशीपूर्वी मृत्यू पावलेल्या, धडकांचे खेळ खेळणाऱ्या १५२ खेळाडूंपैकी ६३ जणांत ही विकृती आढळली (२०२३). त्यांतील बहुसंख्य हौशी होते. तथापि हे मेंदू कुटुंबियांनी दान केलेले असल्याने सर्व खेळाडूंतील प्रमाण त्यावरून ठरविता येत नाही. खेळाची वर्षे वाढतात तसा धोका वाढतो. म्हणून बालवयात धडकेऐवजी कमरेची फीत ओढण्याचा खेळप्रकार श्रेयस्कर होय.