वेदनाशामक पट्टी : प्रकार आणि मुदत

सावित्रीकाठच्या दासगावात भातलावणीनंतर गुडघे धरले, की रुईचे पान तेल लावून शेकून बांधण्याची जुनी रीत कोकणातील इतर गावांप्रमाणेच परिचित आहे. औषधी पट्टी हा त्याच हेतूचा, परंतु मात्रा निश्चित असलेला उपाय होय.

• सांधेदुखी : डायक्लोफेनॅकची पट्टी दाह शमविते. गुडघा, मनगट अशा त्वचेलगतच्या सांध्यांस ती उपयुक्त. खोल असलेल्या खुब्यास अल्पच. रक्तात औषध गोळीपेक्षा पुष्कळ कमी उतरते, तथापि मूत्रपिंडाचा अगर जठरव्रणाचा विकार असणाऱ्याने डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून ती लावू नये.

• चेताशूल : नागीण बरी झाल्यावरही महिनोन्‌महिने उरणारी असह्य आग, हे याचे ठळक उदाहरण. त्यावरील 5 टक्के लिडोकेनच्या पट्टीस अमेरिकेत 1999 साली मान्यता मिळाली; 24 तासांत ती 12 तासच ठेवावयाची असते.

• कॅप्सेसिन : मिरचीतील तिखट द्रव्य, 8 टक्क्यांची पट्टी केवळ वैद्यकीय देखरेखीखाली.

• फेंटॅनिल : अफूवर्गीय तीव्र औषध, पट्टी 72 तासांची. वरील पट्ट्यांशी हिची गल्लत प्राणघातक ठरू शकते.

जखमेवर वा पुरळावर पट्टी लावू नये, पट्टीवर शेक देऊ नये. वापरलेली पट्टी चिकट बाजू आत दुमडून मुलांच्या हाती लागणार नाही अशी टाकावी.