ऑलिंपिकच्या आधीचे सामने

देशादेशांमधल्या ॲथलेटिक्सची सुरुवात १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकपासून झाली, हा समज इतका रुजला आहे की तो सहसा कुणी तपासूनही पाहत नाही. प्रत्यक्षात त्याच्या वीस वर्षे आधी, १८७६ मध्ये, डब्लिनच्या लॅन्सडाउन रोड मैदानावर आयर्लंड आणि इंग्लंड यांचे संघ एकमेकांविरुद्ध उतरले होते. ज्या संघाचा खेळाडू पहिला येईल त्याच्या खात्यात तो क्रीडाप्रकार जमा, असा साधा हिशेब होता. इंग्लंडने नऊ विरुद्ध चार असा विजय मिळवला. आयर्लंडकडून गोळाफेक आणि हातोडाफेक जिंकणारा मॉरिस डेव्हिन पुढे १८८४ मध्ये गेलिक ॲथलेटिक असोसिएशनचा पहिला अध्यक्ष झाला. अथेन्समध्ये मात्र ‘देशाचा संघ’ ही कल्पनाच पक्की नव्हती. अमेरिकेचे बहुतेक ॲथलीट बॉस्टनच्या एका क्लबचे आणि प्रिन्स्टन विद्यापीठाचे होते. टेनिसच्या दुहेरीत तर डब्लिनचा जॉन बोलंड आणि जर्मनीचा फ्रिट्झ ट्राउन ही जोडी विजेती ठरली. त्या स्पर्धेचे देशवार पदकतक्ते नंतर मांडले गेले.

यावर आक्षेप येतो, की १८७६ मध्ये आयर्लंड स्वतंत्र नव्हता, मग सामना आंतरराष्ट्रीय कसा? पण खेळातला देश आणि नकाशावरचे सार्वभौम राज्य एकच असावे लागते, असा नियम तेव्हाही नव्हता. इंग्लंड आणि स्कॉटलंड १८७१ मध्ये रग्बी आणि १८७२ मध्ये फुटबॉल खेळले, ते एकाच राजमुकुटाखाली राहून. आपल्याला तर हे चांगलेच ठाऊक असायला हवे: १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले ते भारताच्या नावाने, इंग्रजांचे राज्य असताना. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. इंग्लंडची ॲमॅच्युअर ॲथलेटिक असोसिएशन १८८० मध्ये स्थापन झाली आणि जागतिक महासंघ १९१२ मध्ये. त्यामुळे डब्लिनच्या सामन्याला आजच्यासारखी अधिकृत मान्यता नव्हती, हे खरेच. तरीही माझ्या मते कसोटी शिक्क्याची नसून, विजय कुणाच्या नावावर मोजला गेला याची आहे. त्याच कसोटीवर १८९५ ची न्यूयॉर्कमधली गाजलेली लढत बाजूला पडते. अमेरिकन बाजूने ती ११-० जिंकली आणि तिला सर्रास अमेरिका-इंग्लंड सामना म्हटले जाते, पण ती न्यूयॉर्क ॲथलेटिक क्लब आणि लंडन ॲथलेटिक क्लब यांच्यातली होती.

महिलांच्या बाबतीत तर ऑलिंपिकवरून इतिहास मोजणे अन्यायाचेच ठरते. ऑलिंपिकमध्ये त्यांना ॲथलेटिक्सचे पाच प्रकार मिळाले ते १९२८ मध्ये, ॲमस्टरडॅमला. त्याआधी ऑक्टोबर १९२१ मध्ये पॅरिसच्या पर्शिंग स्टेडियमवर फ्रान्स आणि इंग्लंडच्या महिला संघांचा सामना झाला होता, आणि ॲलिस मिलिया यांच्या पुढाकाराने महिलांचा स्वतंत्र आंतरराष्ट्रीय महासंघ त्याच सुमारास पॅरिसमध्येच उभा राहिला.