शेजारणीच्या नातवाची कम्युनियन

परवा वसईला आमच्या जुन्या शेजारणीच्या नातवाची पहिली कम्युनियन होती. पांढरा सूट, हातात मेणबत्ती. आठ वर्षांचा पोरगा अगदी नवरदेव दिसत होता. मिस्सा मराठीत, त्यामुळे सगळं समजत होतं. माणसं रांगेनं वेदीकडे निघाली तशी मीही उठले. प्रसादाला नाही म्हणू नये, हे आपल्या अंगात मुरलेलं! तोच शेजारणीनं हळूच पदर ओढला. "ताई, तुम्ही बसा हं."

खरं सांगते, मन खट्टू झालं. इतक्या वर्षांत आमच्या लोणच्याच्या बरण्यांनी कधी धर्म पाहिला नव्हता.

जेवणं झाल्यावर तिनं समजावलं. ती चकती नुसती गव्हाचं पीठ नि पाणी, खमीर नाही. पण मिस्सेत फादरांनी प्रार्थना म्हटली की ते प्रत्यक्ष ख्रिस्ताचं शरीर होतं, ही त्यांची श्रद्धा. ते घेणं म्हणजे 'मी हे मानते' असं म्हणणं. म्हणून आधी बाप्तिस्मा, मग शिकवणी, मग फादरांपुढे पापनिवेदन, तेव्हा कुठे कम्युनियन. पाहुणीनं न मानता 'हो' म्हणावं, असं तिला वाटेना. मला ते पटलं.

तिची सासू मध्येच म्हणाली, "आता काय, तासभर आधी खायचं नाही, झालं. आमच्या वेळी मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंब नाही! आणि मिस्सा लॅटिनमध्ये." तासाचा नियम १९६४ चा. मराठी आली तीही त्याच दशकातल्या व्हॅटिकन परिषदेनंतर. म्हातारीला मात्र तो कडक उपासच गोड वाटत होता. आपल्या निर्जळी एकादशीवाल्या आज्या आठवल्या.

तेव्हा मैत्रिणींनो, अशा समारंभाला गेलात तर सगळे उभे राहिले की उभं राहावं, रांग निघाली की स्वस्थ बसावं. कुणी वाईट मानत नाही.

बाकावर माझ्याशेजारी आणखी एक बाई बसून राहिली होती. ती कॅथलिकच. नुसत्या घटस्फोटानं कम्युनियन बंद होत नाही. पण पहिलं लग्न चर्चनं रद्द ठरवलेलं नसताना तिनं दुसरं केलेलं. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये फादरांना सांगितलं, की अशा प्रत्येकाची परिस्थिती वेगवेगळी समजून घ्या. तिला म्हटलं, फादरांशी बोलून पाहा ना. "जायचंय," ती म्हणाली, "पण पाय उचलत नाही." रांग परत येईतो ती समोर बघत होती, आणि तिचा धाकटा तिच्या मांडीवर झोपला होता.