मुरायला ठेवलेला प्रश्न

1880 साली फ्रेंच गणिती आंरी प्वांकारे काँ या गावी शिकवत होते. विशिष्ट प्रकारची फलने असूच शकत नाहीत, हे त्यांना सिद्ध करायचे होते. पंधरा दिवस ते रोज तास-दोन तास टेबलापाशी बसत, नाना जुळण्या करून पाहत आणि रिकाम्या हाताने उठत. एका संध्याकाळी सवय नसताना त्यांनी काळी कॉफी घेतली. रात्रभर झोप लागली नाही, डोक्यात कल्पनांची झुंबड उडाली, आणि सकाळ होईतो उलटेच सिद्ध झाले: तशी फलने असतात!

पुढचा टप्पा मात्र टेबलापासून दूर सुटला. भूगर्भशास्त्राच्या सहलीला गेल्यावर प्रवासाच्या गडबडीत गणित मागे पडले होते. कुतांस गावी घोडागाडीच्या पायरीवर पाय ठेवताक्षणी त्यांना उमगले, की या फलनांसाठी वापरलेली रूपांतरणे आणि अयुक्लिडीय भूमितीतली रूपांतरणे एकच आहेत. ते जागेवर बसले, अर्धवट राहिलेल्या गप्पा पुढे सुरू झाल्या. पडताळा घरी परतल्यावर घेतला.

इंग्रज विचारवंत ग्रॅहम वॉलस यांनी 1926 साली अशा प्रवासाचे चार टप्पे सांगितले: तयारी, उबवण, उजेड आणि पडताळा. उबवण्यापेक्षा मला ‘मुरणे’ हा शब्द अधिक जवळचा वाटतो. लोणचे बरणीत आपोआप मुरते खरे, पण आधी फोडी करून मीठ-मसाला लावावा लागतो. प्वांकारेंनीही हेच बजावले आहे: आधी जाणीवपूर्वक कष्ट झाले नसतील, तर नेणिवेतले काम सुरूच होत नाही.

त्या मधल्या काळात नेमके काय घडते? प्वांकारेंच्या मते कष्टांमुळे जाग्या झालेल्या कल्पना मनाच्या तळाशी फिरत राहतात, एकमेकींवर आपटतात आणि त्यांतली एखादी सुरेख जुळणी वर येते. दुसरे स्पष्टीकरण साधे आहे. शब्दकोड्यात एक चुकीचा शब्द डोक्यात बसला, की तोच पुन्हा पुन्हा पुढे येतो आणि बरोबर शब्दाची वाट अडवतो. कोडे बाजूला ठेवले की त्याची पकड सैल होते. मला हे दुसरे अधिक पटते, निदान रोजच्या अडचणींपुरते तरी. अर्थात दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात.

2009 साली सिओ आणि ऑर्मरॉड या अभ्यासकांनी 117 प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासले. विश्रांतीचा फायदा खरा ठरला. तयारी जितकी लांब, तितका तो मोठा; मधल्या वेळात डोके शिणवणारे काम केले तर मात्र कमी. शब्दांच्या कोड्यांत तर नुसते बसून राहण्यापेक्षा हलके काम करणारे सरस ठरले. भाजी निवडणे, झाडांना पाणी घालणे, कपड्यांच्या घड्या घालणे ही माझ्या मते अशीच कामे. मोबाइल चाळण्याला मी त्यांत धरणार नाही; तिथे लक्ष दर क्षणाला दुसरीकडे ओढले जाते.

तेव्हा उठण्यापूर्वी अडलेली जागा एका वाक्यात कागदावर लिहून ठेवा आणि मग खुशाल फिरायला जा. उत्तर सुचले, तर परतल्यावर त्याच कागदावर ते ताडून पाहा.