पाण्याच्या जिन्यावरून नाव

नाव टेकडी चढू शकेल का? राजापेठेतल्या आमच्या शाळेत सातवीच्या वर्गाला आम्ही हा प्रश्न विचारला. जवळजवळ सगळा वर्ग 'नाही' म्हणाला. मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र थोडा वेळ थांबून म्हणाली, "पन सर, पानीच वर नेलं तं?"

उत्तर तिच्या प्रश्नातच होते. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही दोघे इंग्लंडला मुलीकडे गेलो होतो. मुलगी, जावई आणि दहा वर्षांचा नातू यांच्यासह आठवडाभरासाठी एक नाव भाड्याने घेतली आणि वुस्टर गावापासून बर्मिंगहॅमच्या दिशेने कालव्याने निघालो. हा कालवा १८१५ मध्ये पूर्ण झाला. सुमारे ४८ किलोमीटरच्या अंतरात त्यावर ५८ जलपाश आहेत. त्यांतले ३० जलपाश टार्डेबिग गावाजवळ साडेतीन किलोमीटरांत एकामागून एक येतात आणि नाव तेवढ्यात ६७ मीटर वर चढते. ही उंची वीस मजली इमारतीपेक्षा थोडी अधिकच भरेल.

सात फुटांचे घर

या नावेला तिकडे 'नॅरोबोट', म्हणजे अरुंद नाव, म्हणतात. तिची रुंदी सात फुटांहून कमी असते, लांबी मात्र सत्तर फुटांपर्यंत जाऊ शकते. आत ओळीने स्वयंपाकघर, झोपण्याच्या फळ्या, न्हाणीघर. आगगाडीच्या डब्यात संसार थाटल्यासारखे वाटते. वेगाची मर्यादा ताशी ४ मैल, म्हणजे साडेसहा किलोमीटरच्या आत. काठावरून चालणारा माणूस आपल्याला सहज मागे टाकतो.

आज या नावा सहलीसाठी वापरल्या जातात, पण मुळात त्या कोळसा, माती, धान्य वाहण्यासाठी होत्या. एक घोडा काठावरून चालत दोराने २५ ते ३० टन माल ओढत असे. टनभर माल भरलेली बैलगाडी खडी रस्त्यावर ओढताना बैलांचे काय होते, हे आपल्या मुलांना माहीत असते. पाण्यावर घर्षण फार कमी असते आणि वेग कमी ठेवला तर पाण्याचा विरोधही कमी राहतो. सगळा फायदा एवढ्यातच आहे. अडचण एकच. कालव्याचे पाणी सपाट हवे, आणि जमीन सपाट नसते.

जलपाश कसा चालतो?

जमीन चढत असेल तर कालवा पायऱ्यापायऱ्यांनी बांधतात. प्रत्येक पायरीवरचे पाणी सपाट, आणि दोन पायऱ्यांच्या मध्ये विटांची किंवा दगडाची एक लांबट कोठी. कोठीच्या दोन्ही टोकांना दारे. हाच जलपाश. चीनमध्ये असा जलपाश इ.स. ९८४ मध्ये बांधला गेला होता.

वर चढायचे असेल तेव्हा कोठीतले पाणी आधी खालच्या पातळीला आणतात. खालची दारे उघडून नाव आत घेतात आणि दारे लावतात. मग वरच्या बाजूची झडप उघडतात. वरच्या टप्प्यातले पाणी कोठीत येऊ लागते आणि नाव त्याबरोबर वर उचलली जाते. पाच-सात मिनिटांत कोठीतली पातळी वरच्या टप्प्याइतकी होते, वरचे दार उघडते आणि नाव बाहेर पडते. यात पंप नाही, वीज नाही. झडप फिरवायला हातात एक लोखंडी हँडल, बाकी काम गुरुत्वाकर्षणाचे. आमच्या नावेला इंजिन होते, पण ते पुढे नेण्यापुरते. वर चढण्यात त्याचा काही वाटा नव्हता.

नातवाला घाई होती. पाणी जवळजवळ भरलेले पाहून तो दाराच्या आडव्या वाशाला पाठ लावून रेटू लागला. दार तसूभर हलेना. पातळीत वीतभर फरक उरला होता. दोन-सव्वादोन मीटर रुंदीच्या दारावर एवढ्या फरकानेही अर्ध्या टनाहून अधिक वजनाइतका दाब पडतो. दोन मिनिटे थांबलो, पातळी समान झाली आणि तेच दार त्याच्या एकट्याच्या रेट्याने उघडले. पाण्याचा दाब खोलीवर अवलंबून असतो, हे पुस्तकातले वाक्य त्याला त्या दिवशी पाठीने समजले.

खालच्या बाजूची दारांची जोडी बंद झाल्यावर व्ही अक्षरासारखा कोन करते आणि त्या कोनाचे टोक वरच्या पाण्याकडे असते. त्यामुळे पाण्याचा जोर जितका जास्त, तितकी ती एकमेकींवर घट्ट बसतात. या दारांच्या कल्पनेचे श्रेय लिओनार्दो दा विंचीला दिले जाते.

चढण्याची किंमत

फुकट काहीच मिळत नाही. नाव वर चढली, तेव्हा काय खाली गेले? पाणी. किती, ते मुलांना काढायला सांगावे. कोठीची लांबी २२ मीटर, रुंदी २.२ मीटर आणि चढ सरासरी २.२ मीटर धरला तर आकारमान सुमारे १०६ घनमीटर, म्हणजे १ लाख ६ हजार लिटर. आपल्याकडे उन्हाळ्यात गावात येणारा टँकर १० हजार लिटरचा धरला तर दहा टँकरांहून जास्त. शहरात माणशी रोज १३५ लिटर हे प्रमाण धरले तर जवळजवळ ७८५ माणसांचे एका दिवसाचे पाणी.

जलपाश तीस, म्हणून तीसपट पाणी लागते का? नाही. एका कोठीतून सोडलेले पाणी खालच्या टप्प्यात येते आणि तिथून पुढच्या कोठीला मिळते. एकंदर हिशेबात माथ्यावरून कोठीभर पाणी निघते आणि तेच पायरी पायरी करत तळाला पोहोचते.

इथे एक बारकावा आहे. कोठी भरायला लागणारे पाणी नाव जड असो की हलकी, सारखेच लागते. पण नाव कोठीत शिरताना आपल्या वजनाइतके पाणी खालच्या बाजूला ढकलते आणि वर बाहेर पडताना तेवढेच पाणी वरून कोठीत येते. म्हणजे आमची नाव १५ टनांची धरली तर माथ्यावरून १०६ अधिक १५, असे १२१ टन पाणी गेले. एक टन नाव वर चढवायला सुमारे आठ टन पाणी खाली उतरले. उतरताना हिशेब उलटा होतो. तेव्हा १०६ मधून १५ वजा करायचे.

मग माथ्यावर पाणी कुठून आणायचे? कालवे बांधणाऱ्यांपुढचा खरा प्रश्न हाच होता. त्यांनी माथ्यासाठी तलाव बांधले. काही ठिकाणी खाली गेलेले पाणी पुन्हा वर चढवले. बर्मिंगहॅमजवळ स्मेथविक येथे १७७९ मध्ये बोल्टन आणि वॉट यांचे वाफेचे इंजिन याच कामासाठी बसवले होते. ते आज बर्मिंगहॅमच्या विज्ञान संग्रहालयात आहे. आपण मुलांना वाफेचे इंजिन म्हटले की आगगाडी दाखवतो. पण रुळांवर धावण्याच्या कितीतरी आधी ते पाणी उपसत होते.

वऱ्हाडच्या कापसाचा जलमार्ग

परत आल्यावर वर्गात ही हकीकत सांगितली. तीच मुलगी म्हणाली, "मंग आपल्याकडं काऊन नाही केलं?"

करायचे ठरले होते. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. इथला कापूस समुद्रापर्यंत न्यायचा कसा, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. गोदावरीवर धवळेश्वरम येथे बंधारा बांधणारे अभियंते आर्थर कॉटन यांचे मत होते की, या देशाला लोहमार्गापेक्षा जलमार्गांची गरज अधिक आहे. नकाशा उघडा. अमरावती जिल्ह्याच्या पूर्व सीमेवरून वर्धा नदी वाहते. ती वैनगंगेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीला मिळते आणि गोदावरी पूर्व समुद्राला. वाटेत खडकाळ उतारांचे तीन मोठे अडथळे होते. गोदावरीवर दुम्मुगुडेम आणि इंचमपल्ली, तर प्राणहितेवर आजच्या गडचिरोली जिल्ह्यातले देवलमरी. तिथे बंधारे घालून, शेजारून जलपाशांचे कालवे काढून नावा न्यायच्या, अशी योजना होती. कॅप्टन हेग यांच्या देखरेखीखाली काम सुरू झाले आणि दुम्मुगुडेमला बंधाराही उभा राहिला. १८७१ मध्ये मात्र ही योजना सोडून देण्यात आली.

तोवर लोहमार्ग आला होता. १८६७ मध्ये तो अकोला, बडनेरा करत नागपूरला पोहोचला. १८७० मध्ये खामगावचा आणि १८७१ मध्ये बडनेऱ्याहून अमरावतीचा फाटा सुरू झाला. राजापेठेतून जाणारा रूळ तो हाच.

पण रेल्वे आली नसती तरी पाण्याने साथ दिली असती का? आमच्या मते खरी मेख इथे आहे. अमरावतीला वर्षाला साधारण ८०० ते ९०० मिलिमीटर पाऊस पडतो. बर्मिंगहॅमलाही ८०० मिलिमीटरच्या आसपासच पडतो! फरक आहे तो वेळेचा. तिकडचा पाऊस बारा महिन्यांत विभागून येतो आणि थंड हवेत पाणी फारसे उडून जात नाही. आपला बहुतेक पाऊस चार महिन्यांत पडतो, आणि मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर गेला की तलाव डोळ्यांदेखत आटतात. कापसाचे गणित तर आणखी उलटे. नदी भरलेली असते तेव्हा कपाशी शेतात उभी असते. वेचणी होऊन गाठी बांधेपर्यंत नदी खडकांना लागलेली असते. नाव आहे तेव्हा माल नाही, माल आहे तेव्हा पाणी नाही.

म्हणून 'आपल्याकडे पाऊस कमी' एवढे सांगून थांबू नये. किती पडतो, याबरोबर कधी पडतो आणि पडल्यावर किती टिकतो, हेही विचारायला मुलांना शिकवावे.

वर्गात करून पाहा

एक उंच पारदर्शक बरणी, दोन पसरट टब आणि दवाखान्यात मिळणाऱ्या सलाईनच्या दोन न वापरलेल्या नळ्या, चिमट्यासह घ्या. एक टब टेबलावर ठेवा आणि त्यातले पाणी बरणीच्या काठाच्या थोडे खाली येईल असे पाहा. दुसरा टब बरणीच्या तळाच्या पातळीला ठेवा. बरणीत थोडे पाणी घालून त्यावर प्लास्टिकच्या झाकणाची नाव सोडा. दोन्ही नळ्या पाण्याने भरून, वक्रनलिकेप्रमाणे एक वरच्या टबातून बरणीत आणि दुसरी बरणीतून खालच्या टबात सोडा. बरणीतली टोके तळापर्यंत जाऊ द्या.

वरचा चिमटा उघडला की नाव चढते आणि पातळी समान होताच प्रवाह आपोआप थांबतो. वरचा बंद करून खालचा उघडला की नाव उतरते. बरणीचा व्यास १२ सेंटिमीटर आणि चढ २० सेंटिमीटर असेल तर प्रत्येक फेरीला सुमारे सव्वादोन लिटर पाणी खाली जाते. नंतर नावेत खडे भरा आणि प्रयोग करण्यापूर्वी विचारा, आता जास्त पाणी लागेल का? आमच्या वर्गात निम्म्याहून अधिक मुले 'हो' म्हणाली. मोजून पाहिल्यावरच त्यांना पटले.

आठ-दहा फेऱ्यांनंतर वरचा टब रिकामा झाला आणि नाव बरणीच्या तळाशी अडकली. खालच्या टबात पाणी भरपूर होते, पण त्याचा नावेला उपयोग नव्हता. मुलांनी ते तांब्याने उचलून पुन्हा वर ओतायला सुरुवात केली. दहा मिनिटांत हात दुखू लागल्यावर एक जण म्हणाला, "हे काम सूर्य करते ना, सर?" त्या दिवशीचा जलचक्राचा पाठ आम्हाला वेगळा घ्यावा लागला नाही.