नानांची शेवटची शिकार

“एकदा शिकारीला जायचं आहे,” नाना जेवता जेवता म्हणाले आणि आमच्या सौभाग्यवतींच्या हातातली पोळी तव्यावरच राहिली.

आमचे तीर्थरूप सत्त्याऐंशी वर्षांचे आहेत. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, एका गुडघ्याची वाटी बदललेली, दोन्ही कानांत यंत्रे. वर्धेच्या आमच्या घरापासून कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत जायचे तर एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात नातू लागतो. अशा गृहस्थाने जानेवारीतल्या एका रात्री वरणभात कालवताना शिकारीची भाषा काढावी, म्हणजे घाबरण्यासारखेच होते. मी आवाज चढवून (तो चढवावाच लागतो) म्हणालो, “नाना, १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद झाली. आता ससा मारला तरी तुरुंग आहे.”

“कायदा मलाही ठाऊक आहे. बंदूक कोण मागतं आहे? जंगलात जायचं, वाघाच्या मागावर राहायचं, दिसला तर बघायचा. याला दुसरा शब्द असेल तर तू सांग.”

मला ‘सफारी’ हा शब्द आठवला. पण नानांच्या लेखी सफारी म्हणजे चार खिशांचा सदरा आणि त्याच कापडाची विजार. तेव्हा घरात ‘शिकार’ हाच शब्द कायम झाला.

नानांचा आणि जंगलाचा संबंध सांगायला हवा. साठीच्या दशकात सेलू तालुक्यात बोर नदीवर धरण झाले, त्या कामावर ते तरुण ओव्हरसिअर होते. दिवसभर मातीचे ट्रक मोजायचे आणि सुटीच्या दिवशी मामांकडून मिळालेली दुनाळी बारा बोअर खांद्याला लावून रान तुडवायचे. गंमत पाहा, आजोबा पक्के खादीधारी, रोज सूत कातणारे. ज्या सेवाग्राम आश्रमात साप दिसला तर चिमट्याने धरून दूर रानात सोडून द्यायची रीत, तिथून पन्नास किलोमीटरच्या आत त्यांचे चिरंजीव मचाणावर बसलेले! आजोबांना हे ठाऊक होते की नव्हते, यावर घरात अजून एकमत नाही.

तो काळच तसा होता. जंगलाचे ब्लॉक पाडलेले असत, वनखात्याकडे पैसे भरून परवाना घ्यायचा आणि ठरलेल्या मुदतीत ठरलेली जनावरे मारायची. नागपुरात तर या गोष्टीची रीतसर कंपनीच होती. पुढे केंद्रात मंत्री झालेले विद्याचरण शुक्ल यांनी राजकारणात येण्याआधी ‘ऑल्विन कूपर’ नावाची कंपनी काढली होती. परदेशी पाहुण्यांना मध्य भारतातल्या जंगलांत शिकारीला नेणे हा तिचा व्यवसाय. साहेब गेला होता, पण वाघाच्या कातड्यावर पाय ठेवून फोटो काढायची हौस मागे राहिली होती, आणि ती आपल्याही लोकांना चांगलीच लागली होती. १९७० साली वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली. १९७२ ची मोजदाद झाली तेव्हा साऱ्या देशात मिळून अठराशे सत्तावीस वाघ भरले.

नानांची बंदूक मात्र घरात राहिली. परवान्याचे नूतनीकरण, दर निवडणुकीला पोलीस ठाण्यात जमा करणे, निवडणूक संपली की परत आणणे, एवढेच तिचे काम. मी जन्मल्यापासून तिच्यातून एकही बार निघालेला मी ऐकला नाही. नानांनी शिकार कायद्यामुळे सोडली, असे आम्ही सारे धरून चाललो होतो.

असो. शिकारीची तयारी सुरू झाली.

पहिला प्रश्न ऋतूचा. वाघ बघायचा तर वैशाख उत्तम. ओढे आटतात, जनावरे पाणवठ्यावर येतात, झाडांची पाने झडून नजर लांबवर जाते. पण वर्धेचा वैशाख ज्यांनी काढला आहे त्यांना सांगायला नको. पंचेचाळीस अंशांत सत्त्याऐंशीचा माणूस उघड्या गाडीत बसवणे म्हणजे त्याचीच शिकार. पावसाळ्यात प्रवेश बंद. पौषात पहाटेची थंडी नानांच्या छातीला सोसत नाही. शेवटी फाल्गुन ठरला, आणि फेरी दुपारची.

दुसरा प्रश्न मचाणाचा. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखाते पाणवठ्यांवरच्या मचाणांवर हौशी लोकांनाही बसू देते आणि आलेल्या जनावरांची नोंद करून घेते, हे कुठूनसे नानांच्या कानी गेले. झाले! “मला तेच पाहिजे,” म्हणाले. मी शिडीची अडचण काढली. उत्तर मिळाले नाही. पण दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाहेरून आलो तो नाना माळ्याच्या शिडीच्या तिसऱ्या पायरीवर उभे. वर जाता येईना, खाली उतरता येईना, आणि कुणाला हाक मारायचा अभिमान आड येत असलेला. मी आणि शेजारच्या मुलाने त्यांना उतरवून घेतले. बुद्धपौर्णिमेचे नाव त्यानंतर निघाले नाही. त्या दिवशी ते संध्याकाळचा चहाही आपल्या खोलीतच प्याले.

पुढच्या अडचणी शिकारकथांत येत नाहीत म्हणून मुद्दाम सांगतो. वडिलांना कुठे न्यायचे असेल त्या वाचकांना उपयोगी पडतील. जंगलात गेले की गाडीतून पाय खाली टेकवायची परवानगी नसते, आणि नाना तर दर तासाला उठणारे. डॉक्टरांना विचारून त्या दिवसापुरती लघवीची गोळी रात्रीवर ढकलली. जिप्सीच्या हिसक्यांनी कंबर धरू नये म्हणून सौभाग्यवतींनी बैठकीची जुनी गादी कापून दोन जाड उशा शिवल्या. आरक्षण संगणकावरून, त्याला प्रत्येकाच्या ओळखपत्राचा क्रमांक. नानांच्या अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या असल्यामुळे दर सरकारी कामात त्यांची पंचाईत होते, पण इथे नुसत्या क्रमांकावर भागले. नातवाने सर्वांना ताकीद दिली: भडक कपडे नकोत, अत्तर नको. नानांनी ट्रंक उपसून खाकी सदरा काढला. तो त्यांना आता दोन माणसांचा होत होता.

होळीच्या आधीच्या आठवड्यात आम्ही निघालो. वर्धा, सेलू, हिंगणी, बोरधरण. सेलू तालुक्यातून आता समृद्धी महामार्ग गेला आहे, त्यावरून गाड्या गोळीसारख्या सुटतात. नाना खिडकीतून शेते पाहत होते. पळस पेटला होता. तूर निघालेली, कपाशीच्या पऱ्हाट्या कुठे कुठे उभ्या. रोही आणि रानडुकरे पीक राखू देत नाहीत म्हणून शेतकरी इथे अजून रात्रीची जागल करतात. ज्याच्या शेतात डुकराचा कळप शिरतो त्याला वन्यजीवांचे प्रेम आपल्यासारखे सोपे नसते, हे शहरातल्या माणसाने लक्षात ठेवावे.

धरणाची भिंत दिसताच नाना सरसावून बसले. “त्या पिचिंगचा दगड न् दगड मी मोजून घेतला आहे!” फाटकाशी उभ्या असलेल्या वनरक्षकालाही त्यांनी ते ऐकवले. त्याने हसून नमस्कार केला.

बोरचे जंगल १९७० मध्ये अभयारण्य झाले आणि २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प. क्षेत्र सुमारे १३८ चौरस किलोमीटर. जाहीर झाला तेव्हा देशातला सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्प. आमचा वाटाड्या जवळच्याच गावचा, पंचविशीचा, हुशार पोरगा. नानांना ‘आजोबा’ म्हणू लागला आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन बोलायची युक्ती त्याला पाच मिनिटांत साधली.

“एवढ्याशा रानात वाघीण व्याली तर पिल्लं मोठी होऊन जातात कुठे?” नानांनी विचारले.

“बाहेर निघतात जी. शेतातून, नाल्यातून. कोणी पेंचकडे जाते, कोणी उमरेडकडे. सारेच पोचतात असं नाही. आपला बाजीराव होता ना, मोठा नर, २०१७ च्या डिसेंबरात बाजारगावजवळ हायवेवर गाडीनं उडवला.”

नानांनी मान हलवली. “आमच्या वेळी रस्ते नव्हते. आम्ही होतो.”

तास दीड तास गेला. सांबराची मादी, चितळांचा कळप, दोन मोर. रस्त्याच्या मऊ मातीत ठसे होते; नानांनी गाडी थांबवायला सांगून वाकून पाहिले आणि म्हणाले, “मादी आहे. सकाळचे आहेत, वर चितळांची खुरं उमटली आहेत.” पोराने माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या.

आणि मग वाटाड्याने एकदम हात वर केला. ड्रायव्हरने इंजिन बंद केले. डावीकडे, बांबूच्या बेटापलीकडे, चितळ ओरडत होते. तीक्ष्ण, तुटक, पुन्हा पुन्हा. आम्हा सर्वांना स्पष्ट ऐकू येत होते. नाना आमच्या तोंडांकडे पाहत होते.

“चितळ बोलते आहे, आजोबा.”

नानांनी कानातले यंत्र चाचपले, चक्र फिरवले, पुन्हा कान दिला. त्यांना काही ऐकू येत नव्हते. उतारवयात आधी बारीक आवाज जातात, असे कानाच्या डॉक्टरांनी सांगितले होते. पण त्याचा अर्थ मला त्या क्षणी कळला. ज्या माणसाने एके काळी हे रान कानांनी वाचले, त्याच्यासाठी ते मुके झाले होते. मला त्यांच्याकडे बघवेना.

पण नाना ऐकायचे सोडून वर पाहू लागले होते. ऐनाच्या उंच फांदीवर एक वानर बसले होते. “ते बघा कुठं बघतंय,” नाना म्हणाले. “चितळाच्या बाजूला नाही. ती निघाली तिथून. नाल्याकडे येते आहे. गाडी वीस पावलं मागं घ्या.”

ड्रायव्हरने वाटाड्याकडे पाहिले, वाटाड्याने वानराकडे. गाडी मागे आली.

चार मिनिटे असतील. मग वाघीण नाल्यातून वर आली, रस्त्यावर उभी राहिली, आमच्याकडे एकदा पाहिले न पाहिलेसे केले आणि सावकाश रस्ता ओलांडून पलीकडच्या गवतात गेली. आठ-दहा पावले. नातू फोटो घेत होता, सौभाग्यवतींनी हात जोडले होते. मी नानांकडे पाहिले. ते तिचा चेहरा पाहत नव्हते, पट्टे पाहत नव्हते. मान खाली घालून तिच्या पायांकडे पाहत होते.

“चारही टेकते आहे,” ते म्हणाले. बहिऱ्या माणसाला वाटते आपण पुटपुटलो. ते सगळ्या रानाने ऐकले. पोराने ओठांवर बोट ठेवले. “लंगडत नाही. चारही नीट टेकते आहे.”

हिंगणीला चहाला थांबलो तेव्हा नानांनी सांगितले.

१९६४ चा मे महिना. त्यांना वाघाचा परवाना मिळाला होता. बोरच्याच खोऱ्यात, गावच्या कोतवालाने हल्या बांधला, वाघाने तो मारला, आणि दुसऱ्या संध्याकाळी नाना मचाणावर बसले. उजेड जात आला होता. थांबायला हवे होते, पण सव्वीस वर्षांचा माणूस थांबत नाही. बार खांद्यामागे बसायचा तो खाली पायावर बसला. वाघ गर्जना करून नाल्यात गेला.

“जखमी वाघ मागं सोडायचा नाही, हा शिकाऱ्याचा पहिला नियम,” नाना म्हणाले. “सकाळी कोतवाल आणि मी रक्ताच्या मागानं निघालो. पुढचा उजवा पाय फरफटत होता, मातीत रेघ दिसत होती. नाल्याशी घाणेरीची जाळी दाट. कोतवाल म्हणाला, साहेब, आत आहे, म्हशी आणून घालू, मग जाऊ. मी म्हणालो, उद्या धरणावर मोठे साहेब तपासणीला येणार, मला जायला पाहिजे.”

ते थांबले. बशीत ओतलेला चहा तसाच होता.

“तपासणी होती. खोटं नाही सांगितलं. पण तपासणी नसती तरी मी गेलो नसतो. मला भीती वाटली.”

तीन पायांच्या वाघाला चितळ सापडत नाही. तो गुरांवर येतो. त्या पावसाळ्यात गावातली चार-पाच जनावरे गेली. त्यांत कोतवालाचा जोडीतला एक बैल होता, ऐन पेरणीच्या तोंडावर. नानांनी पैसे पाठवले. ते परत आले. कोतवाल काही बोलला नाही. फक्त त्यानंतर नानांच्या बंगलीवर आला नाही. पुढे वाघाचे काय झाले ते कुणालाच कळले नाही. नानांनी त्या वर्षापासून काडतुसे विकत घेतली नाहीत. कायदा आला तो आठ वर्षांनी.

“तुमच्या आईलाही सांगितलं नव्हतं,” ते म्हणाले आणि गार झालेला चहा प्याले.

उठताना त्यांनी वाटाड्या पोराच्या गावाचे नाव मला पुन्हा विचारून घेतले. घरी येईपर्यंत ते झोपले होते, उशी कंबरेखालून काढून पोटाशी धरलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर्तमानपत्र वाचत होतो. बंदूक विधानसभेच्या निवडणुकीपासून ठाण्यातच पडून होती आणि आणायची आठवण त्यांनी मला आदल्याच आठवड्यात दोनदा केली होती.

“ठाण्यात जाणार होतास ना?” नानांनी विचारले.

“आज जातो.”

“जा. पण आणू नकोस. परवाना रद्द करायचा अर्ज कसा करतात, ते विचारून ये.”