शिर्डीत काय खातात? पायी सर्वेक्षणातली माझी चूक

पीएचडीला प्रवेश घेण्याआधी एखादा छोटा पथदर्शी अभ्यास करून बघायचा असेल, तर त्याला लॅब लागत नाही, फंडिंगही लागत नाही. वही, पेन आणि चालायची तयारी पुरते. हे मी माझ्याच फसलेल्या एका सर्वेक्षणावरून सांगते.

प्रश्न साधा होता : शिर्डीत स्थानिक अन्न किती उरलंय? पहिल्या दिवशी सकाळी अकराला मंदिराजवळून नगर-मनमाड रस्त्याने चालत सुटले. दिसेल ते लिहिलं. इडली-डोसा, तेलुगू पाट्या, पंजाबी आणि गुजराती थाळी, पेढ्यांची दुकानं. भाकरी जवळजवळ नाहीच. संध्याकाळी निष्कर्षही तयार : "तीर्थपर्यटनामुळे स्थानिक अन्न संपलं." वाक्य इतकं आवडलं की लगेच मार्गदर्शकांना पाठवलं. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. "स्थानिक म्हणजे काय? आणि अकरालाच का?"

आधी पहिला प्रश्न घेऊ. हा मुलूख पर्जन्यछायेतला, म्हणून जुनं अन्न ज्वारी-बाजरीचं. दाभोळकरांच्या साईसच्चरितात ज्वारीच्या पिठात ताक घालून केलेल्या आंबिलीचा उल्लेख आहे, आणि जात्यावर गहू दळल्याचा प्रसंग तर सुरुवातीलाच येतो. पुढे कालवे आले, ऊस आला. जवळच प्रवरानगरला १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना सुरू झाला. राहात्याचे पेरू आज या भागाची ओळख आहेत. मग स्थानिक कोणतं? आंबील, ऊस की पेरू?

आता संस्थानाचं प्रसादालय घ्या. २००९ पासून तिथे ७३ सौर परावर्तकांच्या वाफेवर स्वयंपाक होतो. प्रत्येक तबकडी साधारण १६ चौरस मीटरची. चूल इथली, ऊन इथलं, पण पंगतीला बसणारा देशभरातला. हे अन्न कोणत्या रकान्यात टाकाल?

म्हणून मी एका 'स्थानिक' शब्दाचे तीन रकाने केले : पीक इथलं का, कृती इथली का, खाणारा इथला का. प्रत्येकाचं उत्तर वेगळं लिहायचं. रस्त्यावरची इडली कृतीने बाहेरची, पण ती खाणारा रिक्षावाला इथलाच असू शकतो. व्याख्या आधी ठरवली नाही, तर आपण मोजत नाही, फक्त आपलं मत गोळा करतो.

दुसरा प्रश्न वेळेचा. यासाठी एक जुनं उदाहरण बघा. १९२५ मध्ये जपानमधल्या कोन वाजिरो यांनी सहकाऱ्यांसोबत टोकियोच्या गिन्झा रस्त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांचे कपडे मोजले. पुरुषांपैकी ६७ टक्के पाश्चात्त्य कपड्यांत होते, स्त्रियांपैकी जेमतेम १ टक्का. नुसतं बघत चाललं असतं, तर फ्रॉकमधल्या त्या मोजक्या बायकाच डोळ्यांत भरल्या असत्या. नजर वेगळेपणाकडे धावते. ठरलेला रस्ता, ठरलेली वेळ आणि ठरलेला तक्ता असला की तिला आवर बसतो.

मी तोच रस्ता पुन्हा चालले, यावेळी पहाटे सहाला, आणि आतल्या गल्ल्याही घेतल्या. फुलांचे हार करणारे, लॉजवर सफाई करणारे लोक डबे उघडून बसले होते. बाजरीची भाकरी, ठेचा, सुकी भाजी. एका कोपऱ्यात एक मावशी पाटीत भाकरी-पिठलं घेऊन बसल्या होत्या. बोर्ड नाही, टेबल नाही. दुकानं पुरती उघडेपर्यंत त्यांची पाटी रिकामी झालेली असणार. माझ्या अकराच्या तक्त्यात त्या येणार कशा?

मी वही उघडली तशा त्या म्हणाल्या, "ताई, कागदावर घेताय ते कशाला? उद्या उठवणार का आम्हाला इथून?"

याचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यातही विक्रेत्यांचं सर्वेक्षण आहेच, ते त्यांच्या संरक्षणासाठी आहे. पण रस्त्यावर पोट असणाऱ्याला 'नोंद' हा शब्द निरुपद्रवी वाटत नाही. माझ्या पहिल्या वाक्याने त्यांना अस्तित्वातूनच पुसलं होतं, आणि नेमकी जागा लिहिली असती तर उघड्यावर आणलं असतं. शेवटी त्यांना विचारून फक्त वेळ आणि पदार्थ लिहिला. नाव नाही, फोटो नाही, गल्ली नाही. मी काय लिहिलं ते त्यांना वाचूनही दाखवलं.

आता माझा निष्कर्ष असा आहे : "सकाळी अकराच्या सुमारास, मंदिराजवळच्या मुख्य रस्त्यावर, पाटी लावून भाकरी विकणारी दुकानं क्वचित दिसली." वाक्य लहान झालं, रुबाब गेला. पण ते कुणीही तिथे जाऊन तपासू शकतं, आणि त्यात त्या मावशींना जागा शिल्लक आहे. 'दिसलं नाही' आणि 'नाही' यातलं अंतर सांभाळणं, हेच आपलं निम्मं काम.

या रविवारी आपल्या गावातला एकच रस्ता घ्या. आधी व्याख्या लिहा, मग दोन वेगवेगळ्या वेळी चाला. दोन्ही तक्ते जुळले नाहीत तर घाबरू नका, खरा प्रश्न बहुतेक तिथेच सापडेल.